दम्याच्या ॲटॅकनंतर आईला घरी आणलंय, पुढं काय काय सांभाळायचं?

द्राक्षवेल (शुक्रवार, सकाळी ११:२०)

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६१) काल मिरजेच्या एका दवाखान्यातून घरी आणलं. घरी म्हणजे माझ्या सांगलीतल्या विश्रामबागच्या फ्लॅटवर. गाव आमचं तासगाव तालुक्यात, तिथं द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. दमा तिला जुनाच. थंडीत घरघर व्हायची, उशाशी निळा पंप असायचा, लागला की दोनदा दाबायचा आणि कामाला लागायचं. यंदा शेडवर गंधकाची धुरी चालली होती आणि ही पलीकडच्या खोलीत बायकांबरोबर बेदाणा निवडत बसलेली. त्यातच दुपारी शेजारच्या रानात ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवलं. संध्याकाळपर्यंत तिला एक वाक्य धड पुरं करता येईना. रात्री मिरज गाठली. ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून स्टिरॉइड, सगळं झालं.

आता कार्डावर लिहून दिलंय: प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम रोज सकाळी, बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप दोन वेळा, साल्ब्युटामॉल (तिचा तोच निळा पंप) 'गरजेनुसार', आठवड्याने दाखवायला या. संपलं. गरज म्हणजे नेमकी कधी, परत न्यायचं केव्हा, किती दिवस जपायचं, हे सांगायला त्या गडबडीत कुणाला सवड नव्हती.

आई म्हणते, "मला आता काय धाड भरलीया?" श्वास मोकळा आहे, भूक तर दुप्पट लागलीय. तिचा सगळा जीव तिकडं शेडवर, शिवाय पुढच्या महिन्यात वर्षाची चटणी करायची आहे. आत्या रोज फोन करून सांगते की पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही, गोळ्या संपल्या की तोही बंद कर. तिच्याच सांगण्यावरून दही, केळं, भात बंद केलंय. मला धास्ती आहे ती रात्रीची.

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी लिहा. कुणी डॉक्टर असतील तर उत्तमच.

भडंगप्रेमी (शुक्रवार, सकाळी ११:४८)

काकूंना लवकर आराम पडो. धागा वाचतोय, आमच्या घरातही एक पेशंट आहे. तुमच्या आत्या आणि माझी मावशी एकाच शाळेत शिकल्या असाव्यात.

छातीठोक (शुक्रवार, रात्री १०:१५)

साताऱ्यात छातीच्या रोगांची प्रॅक्टिस करतो. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधं त्यांच्या डॉक्टरांचीच. माझ्याकडच्या सगळ्या पेशंटना घरी सोडताना जे सांगतो तेच इथं लिहितो.

ॲटॅकमध्ये दोन गोष्टी होतात. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि आतलं अस्तर सुजून चिकट कफ धरतं. स्नायू साल्ब्युटामॉलने काही मिनिटांत सैल होतात. सूज मात्र स्टिरॉइडनेच उतरते आणि तिला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. आईंना आज मोकळं वाटतंय ते पहिलं काम झाल्यामुळे. दुसरं अजून चालू आहे. अशा वेळी थोडासा धूर किंवा साधी सर्दीही पुन्हा ॲटॅक आणू शकते. परत दाखल होणाऱ्यांत 'बरं वाटलं म्हणून सोडलं' वाले मी दर हंगामात बघतो.

गोळ्या: सकाळी नाश्ता झाल्यावर, जितके दिवस लिहिल्यात तितके दिवस. मोठ्या माणसांना बहुधा ५ ते ७ दिवसांचा कोर्स असतो आणि एवढा छोटा कोर्स हळूहळू कमी करत नेण्याची सहसा गरज पडत नाही. जास्त दिवस चालला तर मनाने बंद करू नका. दुप्पट भूक, झोप न लागणं, चिडचिड हे गोळ्यांचंच. कोर्स संपला की जातं. मधुमेह असेल किंवा काठावर असेल तर साखर तपासत राहा, या गोळ्यांनी ती वर जाते.

पंप: बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल बंद करायचा नाही. गोळ्या संपल्यावर तर नाहीच नाही, कारण त्यानंतर सूज दाबून ठेवायला तोच उरतो. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा रेटत नेणं धोक्याचं आहे, असं 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' ही जागतिक मार्गदर्शक संस्था २०१९ पासून स्पष्ट सांगते आहे. तुमच्या आईंची आजवरची 'उशाशी निळा पंप' ही पद्धत म्हणजे अगदी तीच.

'गरजेनुसार'चा अर्थ: धाप लागली, छातीत शिट्टी वाजली, छाती आवळली, खोकल्याची उबळ थांबेना, तर. काही डॉक्टर तातडीसाठीही फॉर्मोटेरॉलवाला पंपच वापरायला सांगतात, कारण तोही लवकर काम करतो. तुमच्या कार्डावर दोन वेगळे आहेत, तेव्हा घाईच्या वेळी हात कशाला घालायचा हे पुढच्या भेटीत विचाराच.

त्याच दिवशी डॉक्टरांना कधी गाठायचं? साल्ब्युटामॉलचा असर चार तासही टिकत नाही, कालच्यापेक्षा आज जास्त वेळा लागतोय, किंवा रात्री दम्याने जाग येतेय. आणि बोलताना शब्द तुटतायत, पुढं वाकून बसल्याशिवाय श्वास घेता येत नाही, गळ्याजवळ किंवा बरगड्यांमध्ये खळगा पडतोय, ओठ निळसर दिसतायत, माणूस गुंगल्यासारखा वाटतोय, तर १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत किंवा वाटेत साल्ब्युटामॉल स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या डब्यातून) एकेक करत चार ते दहा पफ, आणि गरज राहिली तर पहिल्या तासात दर २० मिनिटांनी तेच. या वेळी 'जास्त झालं तर?' म्हणून हात आखडू नका. छाती धडधडेल, हात थरथरतील, ते चालतं. आणि एक: घरघर ऐकू येत होती ती अचानक थांबली पण माणूस दमलेलाच आहे, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. हवाच आतबाहेर होत नाहीये.

दही, केळं, भात सुरू करा. एखाद्या पदार्थाने त्यांना हमखास त्रास होतो असं स्वतः पाहिलं असेल तर तेवढाच टाळा. गोळ्यांनी भूक लागलेल्या बाईला उपाशी कशाला ठेवताय?

आटपाडी_एक्सप्रेस (शुक्रवार, रात्री ११:०२)

डाक्टरसाहेब, राग मानू नका, पण आमच्याकडं सगळ्यांचं हेच म्हणणं हाय की पंप म्हणजे शेवटचा इलाज. एकदा लागला की मरेपातूर. आमच्या चुलत्याला बी तोच लावला, आज इतकी वर्षं झाली, सुटला नाही. आणि त्यात बी स्टिरॉइडच की. मग गोळीनं बरं वाटतंय तर गोळीच का न्हाई? गोळी स्वस्त बी पडतीया.

छातीठोक (शुक्रवार, रात्री ११:३१)

राग कसला, हा प्रश्न रोज येतो. पंप सुटला नाही कारण दमा सुटला नाही. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याला आपण 'सवय लागली' म्हणत नाही.

आता स्टिरॉइडचा हिशेब. गोळीचा डोस ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, दिवसाला. पंपातलं बुडेसोनाइड साधारण ४०० मायक्रोग्रॅम दिवसाला धरा. म्हणजे नुसत्या वजनाने बघितलं तर एका दिवसाच्या गोळ्यांत पंपाचे शंभर दिवस निघतात. दोन औषधं वेगळी आहेत, ताकद वेगळी आहे, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण अंदाज यावा म्हणून. शिवाय गोळी सगळ्या अंगात फिरते, पंपातलं औषध मुख्यतः फुप्फुसात जातं. वरचेवर गोळ्यांचे कोर्स घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. पंप नियमित घेतला की हे कोर्सच कमी लागतात. तुमच्या चुलत्यांना वर्षात किती वेळा सलाईन लागायचं आणि आता किती वेळा लागतं, हे घरी विचारून बघा.

आटपाडी_एक्सप्रेस (शनिवार, सकाळी ७:१०)

इचारलं. पंप लागल्यापासनं दवाखान्यात ऍडमिट व्हायची येळ आली न्हाई म्हणतोय. बरं. मानलं.

कराडी_मेडिकल (शनिवार, दुपारी २:४०)

छातीठोक सरांशी सहमत. काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते मी सांगतो.

परवा एक आजोबा आले, "पंप काम करत नाही, बदलून द्या" म्हणून. म्हटलं, मारून दाखवा. त्यांनी तोंड उघडलं, पंप चांगला वीतभर लांब धरला, दाबला, आणि मग श्वास घेतला. सगळा फवारा जिभेवर आणि मिशीवर. दुसऱ्या एक मावशी रोटाकॅप (यंत्रात घालून श्वासाने ओढायची कॅप्सूल) पाण्याबरोबर गिळत होत्या, कित्येक महिने! कॅप्सूल दिसली की गिळायची, एवढंच त्यांना माहीत. औषध जायला हवं फुप्फुसात आणि गेलं पोटात, मग दमा कसा थांबणार?

तर द्राक्षवेल, आधी स्पेसर घ्या. पंपाला जोडायचा तो प्लॅस्टिकचा फुगीर डबा. त्याने दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जमवावं लागत नाही. पंप हलवून स्पेसरला लावा, आईंना आधी श्वास सोडायला सांगा, तोंडात घट्ट धरा, एकदा दाबा, सावकाश खोल ओढायचं आणि जमेल तितका वेळ, दहा सेकंदांपर्यंत, रोखून धरायचं. दमलेल्या माणसाला रोखता येत नाही, त्यांनी नेहमीसारखे पाचसहा श्वास त्यातूनच घेतले तरी चालतं. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून परत हलवून. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये मारून ठेवू नका. स्टिरॉइडवाला पंप झाला की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा बुरा येतो, आवाज बसतो.

स्पेसर धुवायचा साबणाच्या पाण्यात आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने आतून पुसला तर घासल्याने वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं.

आणखी दोन गोष्टी. रंगावर जाऊ नका; एकाच रंगाच्या पंपात वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी औषधं असतात, नाव वाचा. आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन मनाने देऊ नका, काही दमेकऱ्यांना याच गोळ्यांनी जोराचा ॲटॅक येतो. खोकून खोकून बरगड्या दुखतायत म्हणून लोक हमखास तीच मागतात. पॅरासिटामॉल विचारा. दुकानात गेल्यावर 'दमा आहे' हे आधी सांगायचं. काचबिंदूच्या काही थेंबांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही दमा उसळतो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा.

भडंगप्रेमी (शनिवार, दुपारी ३:०५)

स्पेसर रात्रीबेरात्री हाताशी नसेल तर?

छातीठोक (शनिवार, दुपारी ४:२०)

अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली. बुडाला पंपाच्या तोंडाएवढंच भोक पाडायचं, पंप घट्ट बसवायचा, बाजूने हवा गळता कामा नये, आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. गंमत म्हणून सांगत नाही. केपटाऊनच्या संशोधकांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये लहान मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात अशा बाटलीने विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला होता. अर्थात ही अडचणीची सोय. रोजच्यासाठी विकतचाच घ्या.

वाईची_लेक (शनिवार, सायं. ६:१५)

माझ्या मुलाला (आता अकरावीत) लहानपणापासून दमा. आमच्या घरात सगळ्यात उपयोगी पडली ती पीक फ्लो मीटर नावाची नळी. जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा वाचायचा. उभं राहून, तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा लिहायचा, सकाळ-संध्याकाळ. तब्येत उत्तम असतानाचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे त्या माणसाचा 'स्वतःचा सर्वोत्तम'. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलं की हिरवं, ८० ते ५० पिवळं, ५० च्या खाली लाल. आमच्या डॉक्टरांनी प्रत्येक रंगाला काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलंय आणि तो फ्रिजवर चिकटवलाय. मी घरी नसले तर सासूबाई वाचून करतात, फोनवर रामायण सांगावं लागत नाही.

तुमच्या आईंचा सर्वोत्तम आकडा आत्ता कळणार नाही, आजारातून उठल्यात. पण रोजचा लिहायला सुरुवात करा, वर सरकताना दिसेल. आकडा श्वासाआधी घसरतो, हे मी मुलाच्या बाबतीत कितीतरी वेळा पाहिलंय. तो म्हणतो "मी ठीक आहे", आणि वही म्हणते नाही.

रात्रीचं म्हणाल तर तुमची धास्ती मला कळते. पहिले काही दिवस मी त्याच्याच खोलीत झोपले. नंतर उशाशी पंप-स्पेसर, टॉर्च आणि एक घंटी ठेवली. देवघरातली.

द्राक्षवेल (शनिवार, रात्री ९:५०)

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पेसर आणला. आईला पंप मारून दाखव म्हटलं तर तिनंही आजोबांसारखाच जिभेवर मारला. इतकी वर्षं!

कोविडमधला ऑक्सिमीटर आहे घरात. तो ९७ दाखवतो. तेवढ्यावर निर्धास्त राहायचं का? आणि आई दुपारी खाली फिरायला जाते म्हणते, जिन्याने. जाऊ द्यायचं?

छातीठोक (शनिवार, रात्री १०:३०)

ऑक्सिमीटर शेवटी घसरतो. श्वासनळ्या बऱ्याच आवळेपर्यंत माणूस जोरजोरात श्वास घेऊन आकडा राखतो. ९२ किंवा खाली गेला तर थेट दवाखाना, पण ९७ आहे म्हणून धाप लागलेल्या माणसाला घरी बसवून ठेवू नका. माणूस बघा, मग आकडा.

कोयनाकाठ (रविवार, सकाळी ८:२५)

फिजिओथेरपिस्ट आहे, कराडला. फिरू द्या, पण सपाटीवर, आणि 'चालताना बोलता येतंय ना' एवढीच परीक्षा. जिना चढताना एका टप्प्यावर थांबून, कठडा धरून. ॲटॅकमध्ये मानेचे, बरगड्यांचे स्नायू रात्रभर राबलेले असतात, ते दुखतात आणि माणूस लवकर थकतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, चार घास जास्त आणि दुपारची झोप.

धाप लागली की आडवं करू नका. खुर्चीवर बसवून कोपरं गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकवून पुढं झुकू द्या, नाकाने श्वास आत आणि ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर. हे करत असताना पंप आणायला दुसऱ्याने धावायचं. श्वासाचा व्यायाम हा पंपाच्या ऐवजी नाही, त्याच्या जोडीला.

कपालभाती, भस्त्रिका एवढ्यात नको. जोरजोरात हवा खेचल्याने चिडलेल्या श्वासनळ्या आणखी आवळू शकतात. वाफेचाही फारसा उपयोग नाही. उलट भाजलेले पेशंट मात्र पाहिलेत, पातेलं मांडीवर उलटलेले.

भडंगप्रेमी (रविवार, सकाळी ९:४०)

अवांतर: मृगाला हैदराबादचं माशाचं औषध, कोजागिरीला खिरीतून औषध, हे आमच्या मावशीचं वार्षिक वेळापत्रक आहे. त्याशिवाय कुठल्यातरी बाजारातून आणलेली एक पुडी. ती पुडी घेतली की दोन दिवसांत टुणटुणीत. तिला ते चमत्कार वाटतं.

कराडी_मेडिकल (रविवार, सकाळी १०:१०)

ती पुडी बंद करा आणि उरलेली घेऊन डॉक्टरांकडे जा. लेबल नसलेल्या, दोन दिवसांत दमा पळवणाऱ्या पुड्यांत कुटून घातलेलं स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. किती आहे हे कुणालाच माहीत नाही. आणि बरेच दिवस घेतलेली असेल तर अचानक थांबवणंही धोक्याचं, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच. मावशींना खीर खाऊ द्या. खिरीने काही बिघडत नाही, तिच्या भरवशावर पंप सोडला की बिघडतं.

मिरजेचा_मास्तर (रविवार, दुपारी १२:३०)

सेवानिवृत्त शिक्षक. दमा पाचवीला पुजलेला. खडूची पूड खात नोकरी केली, त्यामुळे अधिकाराने लिहितो. औषधाचं वर सगळं आलं, मी घराचं सांगतो, कारण पेशंट औषध दोन मिनिटं घेतो आणि घरात चोवीस तास राहतो.

पहिली गोष्ट वाकळ. आईंनी गावाहून येताना स्वतःची वाकळ आणली असणार, पैजेवर सांगतो. वाकळेशिवाय बिछान्यात दुसरं काही चालत नाही या पिढीला. पण जुन्या साड्यांचे थरावर थर म्हणजे धुळीतल्या किड्यांचं राहतं घर, आणि वजनामुळे ती वर्षातून एकदा धुतली जाते. साध्या चादरी द्या, आठवड्याला गरम पाण्यात धुता येतील अशा. ५५-६० अंशांच्या पाण्यात किडे मरतात. वाकळ झटकायची तर आईंनी नव्हे, दुसऱ्याने, आणि त्या घरात नसताना.

दुसरी ओल. तुमचा फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असेल तर सुटलात. माझं जुनं घर सांगलीच्या गावभागात; २०१९ च्या महापुरानंतर भिंतींना कमरेपर्यंत बुरशीचे काळे ठिपके आले आणि रंग मारून झाकले तरी पुढच्या पावसात परत. प्लॅस्टर खरवडून, भिंती पुरत्या वाळवून मग नवीन केलं तेव्हा माझा रात्रीचा खोकला हटला. ओल राहिलेल्या भिंतीवर रंग मारणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

तिसरी, आणि यावर घरात भांडणं होतात: संध्याकाळचा ऊद, अगरबत्ती, डासांची कॉईल. देवाला निरांजन पुरतं. डासांना मच्छरदाणी. आमच्या सौ. नी पहिले काही दिवस अबोला धरला होता, मग एक दिवस स्वतःच उदाचं भांडं माळ्यावर टाकलं. गावी बंब असेल तर तो घराबाहेर, आणि पेटवायचं काम आईंकडे नको. भेटायला येणाऱ्यांनाही आवरा. सर्दी झालेला एक पाहुणा पुरे होतो. गोड बोलून दारातून परत पाठवायची कला नोकरीत कमावली, ती इथे कामी आली.

डंकवाली (रविवार, सायं. ५:४५)

माझा चटणीचा डंक आहे, पलूस भागात. मार्च-एप्रिलला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि खरं तर घेऊ पण नये असा खकाणा असतो! म्हणून काकूंच्या चटणीबद्दल मीच बोलते.

चटणीत दोन ठिकाणं वाईट. एक, मिरच्या तेलात भाजताना, तो ठसका धडधाकट माणसाला सोसत नाही. दुसरं, डंकावर कुटताना आणि चाळताना. माझ्याकडं कामाला असलेल्या एका बाईला दम्याचा त्रास सुरू झाला तेव्हा तिला चाळणीवरून काढून हिशेबाला बसवलं. काकूंना सांगा, प्रमाण तुमचं, हात दुसऱ्याचे. कांदा-लसूण किती, खोबरं किती, धणे कुठले, हे खुर्चीवर बसून सांगायचं, तेही भाजणं चाललंय त्या खोलीत नाही. आमच्याकडं कितीतरी सासवा फोनवरूनच चटणी करतात आणि सुना ऐकतात. म्हणजे ऐकल्यासारखं करतात.

घरात रोजची फोडणी पण खिडकी उघडून, पंखा लावून. काकू स्वयंपाकघराच्या दारात बसून सूचना देणार असतील तर त्यांना बाहेर हलवा.

द्राक्षवेल (रविवार, रात्री ९:१५)

मास्तर, वाकळ आणलीच होती. दोन. बायकोनं पिशवीत भरून वर टाकल्यात, आई रुसलीय.

शुगर १८८ आली, जेवणानंतर. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले कोर्स पूर्ण करा, गोड बंद ठेवा, भेटीला येताना तपासून या.

आता खरा प्रश्न शेडचा. भाऊ म्हणतो धुरी न देता बेदाणा काढला तर काळपट निघतो आणि दराला मार खातो. धुरी बंद होणार नाही. मग आईनं शेडवर जायचंच नाही का? तोंडाला पदर किंवा मास्क लावून चालणार नाही?

वेलीचा_धनी (सोमवार, सकाळी ६:५०)

मीही बेदाणा करतो, तुमच्याच पट्ट्यात. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून रॅकवर वाळवायचं, मग रंग राहावा म्हणून गंधक जाळायचा. गंधक जळाला की सल्फर डायऑक्साइड होतो. नाकाला झोंबतो ना, तोच. आम्ही धुरीची जागा निवडायच्या खोलीपासून लांब नेली, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, ताडपत्रीनं पक्की बंद, आणि उघडल्यावर हवा मोकळी होईपर्यंत कुणी आत जायचं नाही. जागा बदलायला खर्च काही आला नाही, भावाला पटवायला मात्र जड गेलं. माझाही भाऊच आहे.

छातीठोक (सोमवार, सकाळी ९:०५)

उत्तम. यात भर एवढीच की निरोगी माणसाला ज्याचा वासही येत नाही एवढ्या थोड्या सल्फर डायऑक्साइडने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या काही मिनिटांत आवळू शकतात, कष्टाचं काम चालू असेल तर लवकरच. पदर, साधा मास्क, अगदी एन-९५ सुद्धा वायू अडवत नाही. पाचटाच्या धुरातले कण एन-९५ अडवेल, नीट बसला तर. गंधकाचा वायू नाही. त्यामुळे धुरीच्या दिवसांत शेडवर नाही, यात तडजोड नको. एरवी, दमा आटोक्यात आल्यावर, गावी राहायला काहीच हरकत नाही.

धुरी दिलेल्या बेदाण्यात सल्फाइट उरतं, काही दमेकऱ्यांना ते खाऊनही खोकला येतो. मूठभर खाल्ल्यावर काय होतं यावर लक्ष ठेवा. पाचटाचं म्हणाल तर न जाळता सरीत कुजवलं की जमिनीलाही बरं, हे कृषी खातं कधीचं सांगतंय. पण शेजाऱ्याच्या रानावर आपला हुकूम चालत नाही. पेटवायच्या आधी एक फोन करा, एवढं तरी त्याच्याकडून कबूल करून घ्या.

आटपाडी_एक्सप्रेस (सोमवार, सकाळी ९:३०)

पाचट कुजवायचं यंत्र भाड्यानं मिळतंय. आम्ही गेल्या साली केलं. कारखान्याच्या गटापाशी चौकशी करा.

द्राक्षवेल (शुक्रवार, रात्री ८:४०)

आज दाखवून आलो. छाती साफ आहे, गोळ्या संपल्या. पंप चालू, पुढची तपासणी महिन्याने. डॉक्टरांसमोर आईनं स्पेसर लावून पंप मारून दाखवला. पीक फ्लोची वही बघून ते खूश झाले, आणि वाईची_लेक, तुमच्यासारखाच रंगांचा कागद मागून घेतला. तातडीसाठी साल्ब्युटामॉलच, हेही लिहून दिलं. फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्यायला सांगितली.

गावाला कधी, हा वाद डॉक्टरांपुढंच झाला. आई म्हणाली, "शेड न्हाई, पर घर तरी?" ठरलं ते असं: यंदाचा बेदाणा निघून शेड धुऊन होईपर्यंत इथंच, मग गावी. भाऊ धुरीची जागा हलवायला तयार झालाय, वेलीचा_धनी यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. आत्या अजून तयार नाही. तिला छातीठोक सरांचा मायक्रोग्रॅमचा हिशेब पाठवला, तिनं 'बघू' म्हटलंय. आत्याचा 'बघू' म्हणजे अर्धा होकार.

एक शंका राहिली. पंप संपत आला हे कळतं कसं? हलवून बघितला तर आत काहीतरी खळखळतंच.

कराडी_मेडिकल (शुक्रवार, रात्री ९:२०)

खळखळण्यावर जाऊ नका, औषध संपल्यावरही आत वायू उरतो आणि फवारा उडत राहतो. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्तीही भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप असेल तर तो बघा. नसेल तर हिशेब: साल्ब्युटामॉलच्या पंपात बहुधा २०० पफ असतात, तुमच्या दुसऱ्या पंपात १२० असतील तर दिवसाला चार म्हणजे बरोबर ३० दिवस. उघडला ती तारीख मार्करने पंपावरच लिहा आणि संपायच्या आठवडाभर आधी दुसरा आणा. जनऔषधी केंद्रातही पंप मिळतात, चौकशी करा.

नवी_पालवी (शनिवार, सकाळी १०:०५)

पूर्ण धागा वाचला, खूप उपयोग झाला. आमची मुलगी चार वर्षांची आहे, साताऱ्यात राहतो. तिला नळी तोंडात धरता येत नाही, रडते. तिच्यासाठी काय करायचं?

छातीठोक (शनिवार, सकाळी ११:३०)

मास्क लावलेला स्पेसर मिळतो, तो नाकातोंडावर घट्ट बसवून पाचसहा श्वास. रडताना औषध आत फार कमी जातं, म्हणून आधी खेळणं म्हणून नुसता स्पेसर हातात द्या, बाहुलीला पंप मारू द्या. डोस आणि बाकी सगळं बालरोगतज्ज्ञांकडून. लहान मुलांचं बरंच वेगळं असतं, नवीन धागा काढा, तिथं लिहितो.